सावडायला एक हाड

"आता डाव्या दंडाचं हाड तेवढं राहिलंय, मावशी," डॉक्टर पाटणकर म्हणाले. "ते बदललं की दुखणं संपलं."

कॅन्सर ज्या हाडात उतरेल ते काढून धातूचं बसवायचं, हे आता दाढ बदलण्याइतकं सोपं झालं होतं. कुमुदिनीबाईंची बाकीची सगळी हाडं अशीच एकेक करून बदलली होती.

"हे राहू दे," त्या म्हणाल्या.

"आई, त्या हातानं जीव नकोसा होतो तुला!" त्यांची मुलगी शर्वरी चिडली.

"काढलेली हाडं हॉस्पिटलवाले जाळून टाकतात. मग मी गेल्यावर तिसऱ्या दिवशी तू सावडणार काय? लोखंड?"

डॉक्टरांनी मग दंडाला पट्टा बांधून दिला. शेवटपर्यंत आई तो हात छातीशी धरून कण्हत राहिली.

स्मशानात शर्वरीनं राखेवर दूध शिंपडलं. धातूचा सांगाडा जसाच्या तसा चकाकत पडला होता. फक्त डावा खांदा आणि कोपर यांच्यामधली जागा मोकळी होती, आणि तिथं राखेत थोडे पांढरे तुकडे होते. त्यातला एक तिनं दोन्ही हातांनी उचलला. अगदी अलगद, आईला कळ लागू नये अशा बेतानं.