मनगटावरचा कारकून

सुकेशनी परभणीहून मनगटावर E=mc² गोंदवून आली, आणि पेडगावच्या घरात दोन माणसं एकदमच जळायला लागली. एक तिचा नवरा दत्ता, दुसरी सासू सगुणाबाई. दत्ता निदान बोलून मोकळा झाला.

"माह्या मायनं हातावर बापाचं नाव गोंदलंय. अन् तू हे कोनाचं आनलं?"

"अहो, नाव नाही ते, समीकरण आहे," कॉलेजात फिजिक्स शिकवणारी सुकेशनी म्हणाली. "सूर्य कशाच्या जोरावर तळपतो, ते एवढ्यात मावतं. लिहिलं तेव्हा तो माणूस सव्वीस वर्षांचा साधा कारकून होता. आज अणुभट्टीपासून बॉम्बपर्यंत सगळ्याचा हिशोब त्यातच."

"म्हंजे आता मी कारकुनावर जळू?"

"जळताच आहात की!"

दत्ता पाय आपटत बाहेर गेला. सगुणाबाईने सुनेच्या मनगटाशेजारी आपला हात ठेवला. 'सिताराम' ही हिरवी अक्षरं आता सुरकुत्यांत मुरली होती. लग्नाच्या वर्षी चौघींनी तिला दाबून धरलं होतं आणि ती वासरासारखी हंबरली होती.

"तुला कुनी धरलं व्हतं गं?"

"कोणीच नाही, आत्याबाई. एकटीच गेले."

"अन् काय गोंदायचं, ते कुनी सांगितलं?"

"कोण सांगणार? मलाच लय आवडतं ते."

सगुणाबाईने त्या ताज्या अक्षरांवरून अलगद अंगठा फिरवला. सितारामबद्दल तिची काही तक्रार नव्हती. माणूस चांगला होता.

"मला मोर पायजे व्हता," ती म्हणाली.