जुन्या कार्डाला थारा

आज छापखान्याच्या किल्ल्या थोरल्याच्या हाती द्यायच्या ठरल्या होत्या. जाऊन बघते तर मशिनं गप्प, कामगार चहा ढोसताहेत. चिरंजीवांनी सर्व्हरमध्ये नवं सॉफ्टवेअर घातलेलं, एका कॉम्प्युटरच्या पोटात चार कॉम्प्युटर नांदवणारं. "आई, त्यात आपल्या जुन्या नेटवर्क कार्डाला थाराच नाही. मशिनांकडे फाईल जाईना." "कार्ड बिघडलंय?" "ठणठणीत आहे." "मग आधी बघायचं नाही? कपाट आणताना शेंबडं पोरसुद्धा दाराची रुंदी मोजतं. जुनंच परत घाल." "ते पुसून टाकलं." कॉलेजात घातलं ते यासाठीच. उद्याच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका समोरच्या छापखान्यात छापायला द्याव्या लागल्या. तिथला मालक दात काढून हसला. परतले तर चिरंजीव म्हणतात, "नवं कार्ड मागवलंय. किल्ल्या देतेस?" त्यांच्या पसरलेल्या हातावर मी सर्व्हरमधून काढून ठेवलेलं जुनं कार्ड ठेवलं. "याला थारा मिळाला की ये," म्हटलं. किल्ल्या कमरेलाच राहिल्या.