पिवळी गाडी

ओजसला जाऊन वर्ष झालं, तरी त्याची पिवळी गाडी रोज ऑनलाइन शर्यतीत उतरायची. स्वतः खेळायचा तेव्हा चुकून कुणाला आपला धक्का लागला, तर ओजस कडेला थांबून त्याला आधी पुढे जाऊ द्यायचा. हा सभ्यपणा बाकीच्यांनी उचलावा म्हणून खेळाच्या कंपनीने त्याची गाडी चालवण्याची पद्धत यंत्रात उतरवून ठेवली होती. रोज सगळ्यांशी खेळून ते यंत्र आणखी शिकत जाईल, असंही आईला सांगितलं होतं. खेळणारे मात्र त्या गाडीला मुद्दाम ठोकायचे. ती उलट काही करत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आज त्याची बहीण शर्वरी पहिल्यांदाच त्याच्या खुर्चीत बसून शर्यतीत उतरली. आई शेजारी स्क्रीनला डोळे लावून बसली.

वळणावर पिवळी गाडी मागून आली आणि शर्वरीला धाडकन वाळूत ढकलून पुढे गेली.

"चुकून लागला गं," आई म्हणाली. "बघ, आता थांबेल तो."

पिवळ्या गाडीने पुढच्यालाही उडवलं आणि ती दिसेनाशी झाली. आई तरी त्या रिकाम्या वळणाकडे बघत राहिली.

शर्वरीने स्टिअरिंगवरचे हात काढले.

"बाकीच्यांना शिकवायला ठेवलं होतं ना त्याला?" ती म्हणाली. "तोच शिकून बसला."