चंद्रावरचा चुडा

लग्नसराईत कराडच्या बांगड्यांच्या दुकानात शैलामावशींना सकाळपासून चहाचीही उसंत नव्हती. सातव्या नवरीचे तर नुसते रबरी हातच काउंटरवर होते. ती स्वतः चंद्रावरच्या वसाहतीत होती. तिथे तिचे हात हलतील, तसे हे रबरी हात हलत; आणि इथे मावशींचे हात हलतील, तसे तिथल्या यंत्राचे हात हलत.

"माझी मीच भरायला गेले, तर चार बांगड्या वाढल्या. मुहूर्त तासावर आलाय, मावशी!" पडद्यावरची नवरी रडवेली झाली होती.

"हात सैल सोड. बरं, नवरा घोरतो का, विचारलंस?"

नवरी खळखळून हसली, हात सैल पडला आणि हिरवा चुडा झरझर चढला.

मग ते रबरी हात मावशींपुढे जुळले. चुडा भरणारीला नमस्कार करायचा, हे पोरगी तिथंही विसरली नव्हती.

मावशींनी आशीर्वादाला हात उचलला. इथे तो हवेतच राहिला. चंद्रावर मात्र अलगद नवरीच्या डोक्यावर टेकला.