जागा न दाखवणारं सॉफ्टवेअर

"जागा दाखवणारं घे," चेअरमन म्हणाले. "कोण कुठं हाय, ते मला हितनं दिसाय पायजे."

दूध संघाच्या कोल्हापूरच्या ऑफिसात धैर्यशील खाली मान घालून उभा होता. संघाने गावोगावच्या सुपरवायझरांना दिलेले फोन एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं, आणि ते निवडायचं काम त्याचं. फोन हरवला तर इथूनच कुलूप लावायचं, बिघडला तर इथूनच ठीक करायचा. शेवटी दोन सॉफ्टवेअर उरली होती. त्यातलं एक फोन कुठे फिरतोय तेही दाखवायचं. संघाची निवडणूक तोंडावर आली होती आणि सुपरवायझर विरोधी पॅनेलच्या बैठकांना जातात, असा चेअरमनना वास लागला होता.

धैर्यशीलने जागा न दाखवणारं सॉफ्टवेअर चाचणीसाठी फोनांत घातलं होतं. तेही सुखासुखी झालं नव्हतं. मुरगूडचे सयाजीमामा, त्याचे सख्खे मामा आणि सुपरवायझरांतले सगळ्यात जुने, आडवे आले होते. "बिरोबाच्या देवळात भंडारा उचल, मग घाल." धैर्यशीलने सगळ्यांदेखत भंडारा उचलला. तुम्ही कुठे जाता ते कुणाला दिसणार नाही, अशी शपथ घेतली. मग मामांनी आधी स्वतःचा फोन पुढे केला आणि मागोमाग बाकीच्यांनी.

"साहेब, मी शब्द दिलाय," तो म्हणाला.

"मग बस घरात शब्द सांभाळत. उद्यापासनं येऊ नगोस."

बायको गरोदर, दुसऱ्या नोकरीचा पत्ता नाही. असली ऐट परवडणारा हा गडी नव्हेच. तरी जिना उतरताना त्याची छाती फुगली होती. घरी सांगायच्या आधी त्याने मोटरसायकल मुरगूडकडे वळवली. मामा पाठीवर एक थाप मारतील, तेवढीच त्याला हवी होती.

मामा घरी नव्हते. मामीने पाणी दिलं. कोपऱ्यात फडक्याने झाकलेली एक दुरडी होती. तिच्यात फोन वाजला. तो थांबतोय तोवर दुसरा. धैर्यशीलने फडकं उचललं. सगळे संघाचे फोन. वरचा मामांचा.

"मीटिंगला गेल्यात समदी," मामी म्हणाली. "तुझं ते सॉफ्टवेअर आल्यापासनं फोन हितंच ठिवून जात्यात."

"पण पहिला फोन मामांनीच दिला होता की!"

"दिला की. न्हाय म्हणलं असतं तर चेअरमनला संशय आला असता."

धैर्यशीलने फडकं परत दुरडीवर टाकलं. परक्याने फसवलं तर माणूस शिव्या तरी घालतो. इथे मामी त्याच्यासाठी चहात साखर जास्त घालत होती.

"वाईट वाटून घिऊ नगो बाळा," कप पुढे करत ती म्हणाली. "तुझं मामा म्हणत्यात, पोरगं गुणाचं हाय, पण चेअरमननं डोळं वटारलं की समदं ओकून मोकळं हुईल."