चाळीस सेकंदांचा सूड

सूड ही पवित्र गोष्ट असते, असं गार्गी वर्षभर मानत आली होती. आता मात्र ती रिंगकडे बघायचंही टाळत होती.

गेल्या वर्षी जिल्हा बॉक्सिंग स्पर्धेत केतकी ढमढेरेनं तिला चाळीस सेकंदांत आडवं केलं होतं. आज लढत पुन्हा तिच्याशीच. सकाळी निघताना आईनं शुभ म्हणून पुढे केलेली दहीसाखरेची वाटीसुद्धा गार्गीनं परत सारली. "आधी वजन होऊ दे गं!" तेव्हापासून आईचा अबोला.

"सर, नाक फुटलं तर?" तिनं आपल्या प्रशिक्षकांना विचारलं.

"एकच आहे, जपून वापर," सर म्हणाले.

ती रिंगमध्ये चढली. घंटा वाजली. समोरचा कोपरा रिकामाच होता. मिनिटभर ती हवेवर मुठी रोखून उभी राहिली. मग पंचांनी तिचाच हात उंच केला. अख्ख्या हॉलमध्ये टाळ्या वाजवत होती ती एकटी आई.

सर पंचांच्या टेबलाशी चौकशी करून आले.

"ढमढेरे वजनात बाद झाली. साठ ग्रॅम जास्त भरली."

"असं कसं?"

"घरून दहीसाखर खाऊन निघाली होती."