आक्काचा बंब

रॉकेलची टंचाई होती. गिटारच्या कडेची लाकडी पट्टी तापल्या नळीवर वाकवावी लागते, आणि मायाप्पाचा स्टो तर कोरडा ठणठणीत. शेजारी एकटीच राहणारी मनुआक्का म्हणाली, "माझा आंघोळीचा बंब रोज पेटतोयच की. नळीची धग फुकट जातीय, ये पट्ट्या घेऊन."

महिनाभर मायाप्पा सकाळी सकाळी भिजवलेल्या पट्ट्या बंबाच्या नळीवर अलगद वाकवत राहिला.

गिटार झाली. टिळकवाडीच्या गिऱ्हाइकाकडं निघताना तो ती आक्काला दाखवायला गेला. बंब थंड होता आणि आक्का ओले केस पुसत होती.

"आज पाणी न्हाय तापवलं, आक्का?"

"मला बारमाही गारच पाणी लागतंय, बाबा."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

टिळकवाडीचं गिऱ्हाईक वाट बघत बसलं. मायाप्पा आक्काच्या पायरीवर बसून वाजवत राहिला.